घरच्या संगणकाचा पाया

वलगाव हे अमरावतीच्या जवळचे, पेढी नदीच्या काठचे गाव. बाहेरच्या माणसाला त्याचे नाव ठाऊक असलेच, तर ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर असताना याच गावाजवळ, पेढीच्या पुलापाशी, बाबांनी देह ठेवला. ताट मोडावे, हातावर भाकर घेऊन खावी, पण लेकरांना शिकवावे, हे त्यांचे सांगणे आमच्या भागात आजही घरोघरी ऐकू येते. गंमत अशी की, यंदा दसऱ्यापासून आमच्या घरात याच सांगण्याचा आधार घेऊन एक वाद चालला होता, आणि त्या वादाचा विषय होता मदरबोर्ड!

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याला सुटे भाग आणून, स्वतःच्या हातांनी जोडून, खेळ खेळण्याजोगा संगणक घरी उभा करायचा होता. ‘जोडता जोडता शिकतो, आणि मग खेळतोही,’ असे त्याचे म्हणणे. त्याच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे, म्हणणे वेगळे. कापसाचे आलेले पैसे खेळण्यात घालवायचे नाहीत हा त्याचा पहिला आक्षेप. पण खरा आक्षेप दुसराच होता. सन २००३ मध्ये याच घरात त्याने एक संगणक आणला होता. दुकानदाराने भाग जोडून दिलेला, त्या काळच्या भाषेत ‘असेंबल्ड’. तीन वर्षांनी तो बंद पडला. झाकण उघडून पाहिले तो आतल्या मुख्य फलकावरचे नळकांड्यांसारखे दिसणारे बारके भाग फुगून त्यांची डोकी फाटलेली. दुकानदार म्हणाला, या जातीचा बोर्ड आता मिळत नाही, आणि नव्या बोर्डावर तुमचा प्रोसेसर बसत नाही, मेमरीही बसत नाही. एक भाग गेला आणि सगळे यंत्र माळ्यावर गेले. ते अजून तेथेच आहे.

“हाबी तसाच बसला त मंग काय करू?” एवढाच भावाचा प्रश्न होता, आणि पोराला त्याचे उत्तर देता येत नव्हते. त्याच्या हातात दोन मदरबोर्डांची नावे होती. कोणता घ्यावा हे त्यालाच ठरवता येईना. शेवटी बापलेक दोघेही माझ्याकडे आले. “मोठेबाबा, तुमी इतिहास वाचता न जी, मंग सांगा!” असे पोरगा म्हणाला तेव्हा मला हसू आले. परंतु जरा विचार करता ध्यानात आले की, पोरगा नकळत नेमक्या ठिकाणी आला होता. कोणता बोर्ड घ्यावा हा प्रश्न दुकानात सुटत नाही. तो इतिहासात सुटतो. तो कसा, हे वाचकांनाही सांगावे म्हणून हा लेख.

प्रथम मदरबोर्ड म्हणजे काय ते पाहू. सुमारे वीतभर रुंदीचा, तांब्याच्या बारीक वाटा अंगात मुरवलेला तो एक फलक. तो स्वतः गणित करीत नाही, चित्र काढीत नाही, की काही लक्षातही ठेवीत नाही. गणित करणारा प्रोसेसर त्याच्यावर बसतो, लक्षात ठेवणारी मेमरी त्याच्या खाचेत उभी राहते, चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड त्याच्या लांबट खोबणीत अडकते. आणि या सर्वांना वीज पोहोचविणे व एकमेकांशी बोलते ठेवणे, एवढेच त्याचे काम. माझी आई शेजारी वाती वळीत बसली होती. तिने विचारले, “माय कोनाची थे?” प्रश्न अगदी योग्य होता. या फलकावर जी छोटी कार्डे बसतात त्यांना इंग्रजीत ‘मुलगी-फलक’ म्हणण्याची रीत आहे, म्हणून त्यांना अंगाखांद्यावर घेणारी ती ‘माय’. कोणती लेकरे हिच्या अंगाखांद्यावर बसू शकतील आणि कोणती नाहीत, हे ती जन्मतःच ठरवून येते. संगणकाचा इतर कोणताही भाग चुकला तर तेवढाच बदलता येतो. माय चुकली तर सगळे कुटुंब बदलावे लागते. २००३ साली आमच्या घरी झाले ते हेच.

परंतु संगणकाला अशी माय पहिल्यापासून नव्हती. आपल्या देशात आखून बांधलेले पहिले मोठे गणकयंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभे राहिले. होमी भाभांनी स्थापिलेल्या या संस्थेत प्रा. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी हे काम अंगावर घेतले. १९५६ मध्ये त्याचा लहान नमुना चालू झाला आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याची मेमरी प्रारंभी १,०२४ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० अंकांचा. म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम ५ किलोबाइट, वहीच्या दोन-तीन पानांचा मजकूर मावेल इतकी. हे यंत्र १९६४ पर्यंत राबले. ज्यांनी ते बांधले त्यांना तशा यंत्राचा पूर्वानुभव जवळजवळ नव्हता, हे लक्षात घेता तो पराक्रमच म्हणावा लागेल. पण अशा यंत्राचा एखादा अवयव काढून बाजारातला दुसरा बसविण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. यंत्र एकसंध होते. जन्मले तसे जगले आणि कालबाह्य झाले तेव्हा सगळेच्या सगळे झाले.

यंत्राचे अवयव सुटे करावेत, आणि ते कोणीही बनवावेत, ही कल्पना घरगुती संगणकाबरोबर आली. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका छंद-मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचे यंत्र झळकले. ते सुट्या भागांच्या पेटीत घरी यायचे आणि घेणाऱ्याने डाख देऊन ते स्वतः जोडायचे. त्यात शंभर टोकांच्या खोबणी असलेला एक फलक होता आणि बाकी सर्व कार्डे त्या खोबणींत उभी राहत. त्या खोबणीची रचना कळल्याबरोबर इतर कारागीरही तीत बसतील अशी कार्डे विकू लागले. यंत्र एकाचे आणि भाग दहा जणांचे, असा प्रकार घरगुती संगणकात घडला.

पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या बलाढ्य कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तो घाईने तयार केलेला असल्यामुळे त्यातील बहुतेक भाग बाहेरून विकत घेतलेले होते. त्याच्या मुख्य फलकावर पाच मोकळ्या खोबणी होत्या. शिवाय कंपनीने त्याचे आराखडे एका जाड पुस्तकात छापून ते पुस्तक विकायला ठेवले. या मोकळेपणाचा परिणाम काय झाला हे आमच्याकडच्या आठवडी बाजारावरून चटकन कळेल. बाजारातले ओटे मोकळे असले की, ज्याला जे विकायचे ते तो घेऊन येतो. ओटा बांधणाऱ्याला त्याच्यावर उद्या कोण काय मांडणार हे ठाऊक नसते, आणि ठाऊक नसते म्हणूनच बाजार भरतो.

आयबीएमच्या ओट्यावर सर्वांना मज्जाव असलेली एकच वस्तू होती. यंत्र सुरू होताना त्याला जागे करणारी जी मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, तिच्यावर आयबीएमचा स्वामित्वहक्क होता. १९८२ साली ह्यूस्टन येथे स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने यावर जी युक्ती काढली ती वकिलांनाही मान डोलवायला लावील. काही तंत्रज्ञांनी मूळ बायोस वाचून ते काय काय करते याची फक्त यादी केली. आणि ज्यांनी मूळ बायोस कधी डोळ्यांनीही पाहिले नव्हते अशा दुसऱ्या तंत्रज्ञांनी त्या यादीवरून नवे लिहून काढले. नक्कल नाही, पण वागणूक तीच! १९८३ मध्ये कॉम्पॅकचे यंत्र विक्रीस आले आणि पाठोपाठ अशा ‘जुळ्या’ संगणकांचा महापूर लोटला. आज आमचा पोरगा एका कंपनीचा बोर्ड, दुसरीचा प्रोसेसर आणि तिसरीची मेमरी घेऊन एक यंत्र जोडू शकतो, त्याचे मूळ येथे आहे.

ओट्याच्या मालकाला हा बाजार अर्थातच आवडला नाही. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने नवी मालिका आणली आणि तिच्या फलकावरील खोबणीची रचनाच बदलून टाकली. ज्याला त्या खोबणीत बसेल असा माल करायचा असेल त्याने परवाना घ्यावा आणि शुल्क भरावे, असा नियम केला. जुनी कार्डे तर तिच्यात बसतच नव्हती. नवी रचना तांत्रिक दृष्ट्या सरस होती, हे तिच्या विरोधकांनाही मान्य होते. परंतु मालकाने पट्टी अवाच्या सवा वाढवली की बाजार शेजारच्या गावात भरू लागतो, हा अनुभव जुना आहे. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डेही सामावून घेईल अशी आपली वेगळी खोबणी जाहीर केली. आयबीएमची सरस पण बंद खोबणी काही वर्षांतच मागे पडली. बोर्डाची थोरवी त्याच्या अंगच्या गुणांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्यावर कोणकोण बसू शकते यावर ठरते, हा या प्रकरणाचा धडा.

आणि खेळांचे म्हणाल तर ते या मोकळ्या खोबणीचेच अपत्य होय. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’ कार्ड आले. ते काम एकच करायचे, खेळातली त्रिमिती चित्रे भराभर रंगवायचे. हे कार्ड ज्या पीसीआय नावाच्या खोबणीत बसे ती अशा कामाचा विशेष विचार करून बांधलेली नव्हती. पण ती मोकळी होती, एवढे पुरे झाले. आजचे ग्राफिक्स कार्ड हे त्या कार्डाच्याच वंशातले.

येथवर गोष्ट परदेशची झाली. आपल्याकडे हा बाजार उशिरा भरला. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्यानंतर, भागभांडवल कमी करण्याच्या प्रश्नावरून आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला आपला कारभार गुंडाळला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात थोडी सैल केली, १९९१ नंतर ती अधिक सैल झाली, आणि १९९७ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाल्यावर संगणकाच्या भागांवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरत गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून हे सुटे भाग जिल्ह्याच्या गावी येऊ लागले. तेथे एखादा हुशार पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते जोडून देई आणि नामांकित कंपनीच्या यंत्रापेक्षा बऱ्याच कमी पैशांत संगणक घरी येई. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव नेले आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरीही संगणक ही गरजेची वस्तू ठरली. पोरे त्याच्यावर टंकलेखन शिकली आणि वडील बाहेर गेले की ‘डेव्ह’ आणि ‘रोड रॅश’ खेळली. आमच्या घरातला २००३ चा संगणक याच लाटेवर आला होता.

त्याच्या मरणाचे कारणही आता इतिहासाला ठाऊक आहे. त्या सुमारास जगभरच्या बोर्डांवर सदोष धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, बसविले गेले होते. त्यांच्या आतील द्रावणाची घडण बिघडलेली असल्यामुळे आत वायू धरे, नळकांडे फुगे आणि फुटे. १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षे नावाजलेल्या कंपन्यांचीही यंत्रे याच रोगाने गेली. म्हणजे भावाची निवड चुकली नव्हती. तो साथीत सापडला होता. हे मी त्याला सांगितले तेव्हा वीस वर्षांचे एक ओझे त्याच्या मनावरून उतरल्यासारखे मला दिसले. पण रोग साथीचा असला, तरी एका भागाबरोबर सगळे यंत्र का जावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे कारण असे की, त्या तीन वर्षांत प्रोसेसरची बैठक आणि मेमरीची जात, दोन्ही बदलून गेली होती.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दूर जावे लागले नाही. ते आमच्या वऱ्हाडातच सापडले.

अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली विजय भटकर यांचा जन्म झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून ते अभियंते झाले. १९८० नंतरच्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचे क्रे यंत्र द्यायला नकार दिला. हवामान खात्याच्या कामापुरते, कमी ताकदीचे यंत्र तेवढे अटी घालून दिले. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि तीन वर्षांत स्वतःचा महासंगणक उभारण्याची जबाबदारी भटकरांवर आली. उद्दिष्ट होते सेकंदाला १०० कोटी दशांश-गणितांच्या पल्ल्याचे.

क्रे यंत्राचे बळ त्याच्या खास घडविलेल्या, अतिवेगवान प्रोसेसरात होते. तसा प्रोसेसर घडविणे आपल्या आवाक्यात नव्हते आणि तो कोणी विकणारही नव्हते. म्हणून पुण्याच्या मंडळींनी प्रश्न उलटा केला. प्रोसेसर बाजारात मिळेल तो साधाच घ्यायचा, पण असे पुष्कळ घेऊन ते एकमेकांशी असे जोडायचे की, सगळ्यांनी मिळून एक काम वाटून करावे. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा ‘ट्रान्सप्युटर’ त्यासाठी निवडला गेला. त्याला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या जन्मजात असत; पंगतीत उभा राहून चौघांना हात देणारा जणू तो माणूस. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ जगापुढे आला. ६४ ट्रान्सप्युटरांपासून २५६ पर्यंत तो वाढविता येत असे. पुढे तो परदेशीही विकला गेला.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. परंतु तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही, आणि आमच्या पोराच्या कामाचा तोच आहे. ज्या ट्रान्सप्युटरवर परम उभा होता, त्याची कंपनी १९८९ मध्येच दुसऱ्या हाती गेली होती. त्याचा पुढचा अवतार रखडला आणि ती जातच काही वर्षांत बाजारातून नाहीशी झाली. आमच्या २००३ च्या संगणकाचे जे झाले तेच राष्ट्राच्या महासंगणकाचे होण्याची ही वेळ होती. सी-डॅकने काय केले? प्रथम इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर जोडीला घेतला. मग १९९४ मध्ये ‘परम ९०००’ आणताना यंत्राची घडणच सुटी केली, अशी की नवा प्रोसेसर आला तर तो सामावून घेता यावा. एकाच घडणीत सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा अशा वेगवेगळ्या जातींचे प्रोसेसर बसविलेली यंत्रे त्यातून निघाली. १९९८ चा ‘परम १००००’ अल्ट्रास्पार्कवरच उभा राहिला. पहिल्या यंत्राने पुण्याला वेग मिळवून दिला. दुसऱ्याच धड्याने त्याला आयुष्य मिळवून दिले. प्रोसेसर जाणार, हे गृहीत धरून पाया घालायचा असतो.

हा धडा मनात धरून आता पोराच्या हातातली दोन नावे पाहू.

पहिला बोर्ड मोठा, रंगीत दिव्यांनी झगमगणारा. त्याची प्रोसेसरची बैठक, म्हणजे सॉकेट, इंटेलची ‘एलजीए १७००’ होती. २०२१ मध्ये आलेल्या या बैठकीवर बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसतात. २०२४ मध्ये कंपनीने पुढची पिढी नव्या बैठकीवर नेली. म्हणजे आज तो बोर्ड घ्यावा तर त्याचे घराणे तेथेच संपलेले. दुसरा बोर्ड लहान, २४.४ सेंटिमीटर चौरस, दिवे नसलेला, एएमडीच्या ‘एएम-५’ बैठकीचा. ही बैठक २०२२ मध्ये आली आणि तिच्यावर निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देऊ असे कंपनीने जाहीर केले आहे.

परंतु कंपनीच्या शब्दावर कितपत विसंबावे? येथेही इतिहास साक्षीला आहे. याच कंपनीची आधीची बैठक ‘एएम-४’. मे २०२० मध्ये कंपनीने सांगून टाकले की, पुढच्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण असे दिले की, बायोस साठविण्याची जागा अपुरी आहे. ज्यांनी ‘पुढे चालेल’ या विश्वासावर बोर्ड घेतले होते ते गिऱ्हाईक खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. २०२२ मध्ये तर २०१७ सालच्या बोर्डांवरही ते नवे प्रोसेसर चालू लागले. शब्द पाळला गेला, पण तो गिऱ्हाइकांनी पाळायला लावला. उलट इंटेलने २०१७ मध्ये बैठकीचे नाव आणि माप तेच ठेवून नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालू दिले नाहीत, हाही दाखला आहे. तेव्हा खोक्यावरचे बैठकीचे नाव जुळले म्हणजे काम झाले असे समजू नये. बोर्ड करणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर आहे की नाही, आणि तो बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो, हे पाहूनच पैसे मोजावेत. प्रोसेसर न बसविताही बायोस नवे करता येईल अशी कळ बोर्डावर असली तर उत्तमच.

मेमरीचेही असेच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन जातींच्या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असतात. एक दुसरीच्या जागी बसत नाही. आज दोन पट्ट्या बसवून उद्यासाठी दोन खाचा रिकाम्या राहतील, असा चार खाचांचा बोर्ड घेणे शहाणपणाचे. ग्राफिक्स कार्डासाठी एक लांब, मजबूत खोबणी हवी. खेळाच्या संगणकात खरा खर्च त्या कार्डावर व्हायला हवा, बोर्डावरच्या दिव्यांवर नव्हे. बाकी बोर्डांची मापे आणि स्क्रूंच्या जागा १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स या प्रमाणानुसार ठरलेल्या आहेत, त्यामुळे पेटी कोणाचीही घेतली तरी चालते. तीस वर्षे टिकलेले हे प्रमाण म्हणजे या अस्थिर बाजारातले एक आश्चर्यच आहे.

वऱ्हाडात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. विजेच्या पेटीतून येणारा १२ व्होल्टचा दाब उतरवून प्रोसेसरला सुमारे एका व्होल्टवर देण्याचे काम बोर्डावरचे काही भाग करतात आणि ते करताना तापतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा त्या भागांवर धातूचे जाड आच्छादन असलेला बोर्ड घ्यावा. घरातल्या अर्थिंगची तपासणी तर बोर्ड घेण्याच्या आधीच करून घ्यावी. आणि जोडणी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करायची असेल, तर हात आधी पेटीच्या धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवून टाकावी. बैठकीतल्या केसासारख्या टोकांना बोटही लागू देऊ नये. एक टोक वाकले की हमीपत्र दाखवूनही उपयोग होत नाही.

हे सर्व मी सांगितले, आणि पोराने बराच वेळ काही न बोलता आपली यादी पुढे ओढून पहिल्या बोर्डाच्या नावावर रेघ मारली. दिव्यांचा मोह सुटल्याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते, पण त्याने हिशेब मांडला. उरलेल्या पैशांतून चांगल्या प्रतीची वीजपेटी आणि एक यूपीएस निघत होता. मग त्याने वडिलांना सांगितले, “बाबा, हा बसला त याच्यावरचं समदं दुसऱ्या बोर्डावर जाते. अन् प्रोसेसर जुना झाला त बोर्ड राह्यते.” भावाने एकच विचारले, “लिवून देतं काय?” पोराने खरोखरच यादीच्या पाठीमागे लिहून दिले. कोणता भाग गेला तर कोणते भाग वाचतील, याचा तो तक्ता माझ्या मते या घरात तयार झालेला सर्वांत समंजस दस्तऐवज आहे.

ज्या ग्राफिक्स कार्डासाठी हे सर्व चालले आहे, त्याबद्दलही एक गोष्ट भावाला मुद्दाम सांगितली. १९९१ मध्ये राष्ट्राने ज्या पल्ल्यासाठी एवढा अट्टहास केला, तो सेकंदाला १०० कोटी गणितांचा होता. आज खेळासाठी घेतलेले मध्यम प्रतीचे कार्ड, गणितांची प्रत वेगळी असली तरी, सेकंदाला १० लाख कोटींच्या पुढे जाते. हे बळ घरात आल्यावर पोरगा त्याच्यावर फक्त गाड्या पळवतो की आणखी काही करतो, हे त्याच्यावर आणि थोडे आपल्यावर आहे.

भटकरांच्या संस्थेची कथाही आता बोर्डापर्यंत येऊन पोहोचली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ नावाचे तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. त्यांतला एक पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. त्यांच्यातील ‘रुद्र’ सर्व्हर सी-डॅकने इथेच आखला आहे. प्रोसेसर अजून बाहेरचा. पण तो ज्याच्यावर बसतो तो पाया आपला. टिफ्रॅकच्या मंडळींनी एकेक नळी हाताने जोडली, तेथपासून येथवर यायला साठ वर्षे लागली. पाया आपला झाला म्हणजे त्याच्यावर उद्या बसणारा प्रोसेसरही आपला असू शकतो.

बोर्डाचे खोके धनत्रयोदशीला घरी आले. पोरगा लगेच उघडणार होता, पण आईने त्याला थांबवले. लक्ष्मीपूजनाला तिने ते चोपडीशेजारी पाटावर ठेवले, त्याला हळदकुंकू वाहिले आणि म्हणाली, “माय हाय न थे, मंग पयलं तिचं.” माळ्यावरचा जुना संगणकही भावाने त्या दिवशी स्वतःच खाली काढला. पोराला त्याची पेटी उघडून फुगलेली ती नळकांडी पाहायची होती.